कानाएवढा गुन्हा

आमच्या वसतिगृहाच्या संस्थापकांना पंचाहत्तर वर्षं झाली आणि गावातल्या रिकामटेकड्या मोठ्या माणसांना एकदम काम मिळालं. अमृतमहोत्सव समिती बसली. समितीत कोण, तर खताच्या दुकानाचे मालक, एक माजी सभापती, एक निवृत्त प्राचार्य आणि प्रत्येक समितीत असतातच असे एक डॉक्टर. बसस्टँडपासून मंगल कार्यालयापर्यंत फ्लेक्स लागले. फ्लेक्सवर त्या माणसाचा हात आशीर्वादासाठी वर उचललेला. मी एसटीत कंडक्टर, त्यामुळे येता-जाता तो हात बघावा लागे. वसतिगृहात असताना तो हात वर गेलेला मी पुष्कळदा पाहिला होता, पण आशीर्वादाला एकदाही नाही.

वाशीम जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मुलींचं हे वसतिगृह. बाप नसलेल्या, माय मजुरीला जाणाऱ्या, घरी शिकायची सोय नसलेल्या आम्ही पोरी तिथे राहायचो. मी कामरगावकडची, पाचवीला आले आणि दहावी होऊन सुटले. संस्थापकांना सगळ्यांनी 'बाबा' म्हणायचं असा नियम होता. माझा खरा बाप घरी चांगला धडधाकट होता, तरी अनुदानावर चालणाऱ्या या दुसऱ्या बापालाही बाप म्हणावं लागे.

समितीनं माजी विद्यार्थिनींचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. ॲडमिन झाली आमची एक सीनियर, जी पुढे त्याच संस्थेत शिक्षिका म्हणून चिकटली. तिनं फर्मान काढलं की प्रत्येकीनं बाबांची एक आठवण आवाजात रेकॉर्ड करून पाठवावी, निवडक आठवणी कार्यक्रमात ऐकवू. मग काय विचारता. घरी नवऱ्यासमोर तोंड न उघडणाऱ्या बायासुद्धा गहिवरून बोलायला लागल्या. बाबा नसते तर आम्ही कुठे असतो. बाबांनी शिस्त लावली. या 'शिस्त' शब्दापाशी आलं की प्रत्येकीचा आवाज जरा अडखळायचा आणि मग घाईनं पुढे सरकायचा. मी गाडीत तिकिटं फाडता फाडता ऐकत होते आणि मनातल्या मनात शिव्या देत होते.

अशात मेडशीला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीचा आवाज आला. "मले डाव्या कानानं आयकू येत नाही. सातवीत बाबानं मारलं तवापासून. दुसरी आठवन म्हनशान तर ध्यानात नाही. हे चालते का?"

हा टोमणा नव्हता. टोमणे मारणं माझं खातं, तिचं नव्हे. तिची खोड एकच, विचारलं की खरं सांगते. कानाचं प्रकरणही त्याच खोडीपायी झालं होतं. वसतिगृहाच्या तपासणीला एक साहेब आले होते. श्रीखंड-पुरी खाऊन झाल्यावर त्यांनी रांगेत उभ्या असलेल्या पोरींना लाडानं विचारलं, जेवण कसं असतं गं? अशा वेळी काय म्हणायचं हे आम्हाला घोकून घोकून शिकवलेलं होतं. ती म्हणाली, "वरनात अया असतात." साहेब हसले, वरणातल्या अळ्या सोडून शेरा चांगला लिहून गेले. त्यांची जीप फाटकाबाहेर पडल्यावर बाबांनी तिला रांगेतून ओढलं आणि कानाखाली अशी वाजवली की ती भिंतीवर जाऊन आदळली, मग पडल्यावर पुन्हा त्याच कानावर. मी तिच्या शेजारी उभी होते. तिच्या कानातून रक्त येऊन फ्रॉकच्या कॉलरवर उतरलं ते मी पाहिलंय.

तर ग्रुपवर तिचा आवाज वाजला. मग कोणीतरी जोडलेले हात टाकले. कोणीतरी गुलाबाचं फूल टाकलं. ॲडमिनबाईंनी लिहिलं, ग्रुपचा उद्देश लक्षात घ्यावा. आणि मैत्रिणीला काढून टाकलं.

सुट्टीच्या दिवशी मी मेडशीला गेले. ती अंगणात तूर पाखडत होती. मला बघितल्याबरोबर म्हणाली, "त्याईनं आठवन मांगतली ना व? मंग काहून काढलं मले?" खरंच कोड्यात पडली होती बिचारी. मी म्हटलं, चल, पोलीस स्टेशनला जाऊ, तिथे ही आठवण चालते का बघू. रागात बोलले होते. ती सूप ठेवून उठली आणि म्हणाली, "चाल."

तेवढ्यात दारातून तिची म्हातारी माय बोलली, "कायले जाता व? नयावर पडली होती ते. बाबानं सोता मले सांगतलं."

ही म्हातारी मुलीकडेच राहायची, मुलीच्याच हातचं खायची. भिंतीवर मात्र संस्थेचं कॅलेंडर, त्यावर बाबा. मुलगी नळावर पाय घसरून पडली आणि कान फुटला, हे बाबांनी सांगितलेलं तिनं वेदवाक्य मानलं होतं आणि गेली कितीतरी वर्षं येईल-जाईल त्याला तेच ऐकवत होती. वर मुलीनं हाकेला ओ दिली नाही की तिच्याच नावानं ओरडायची की ही आयकत नाही, हिले मस्ती आली. रस्त्यात मैत्रीण मला म्हणाली, "मले त्या बुढ्याले जेलात टाकाचं काही नाही पडलं. मायनं एक डाव म्हनलं पायजे का मी नयावर नोती पडली. बस." मी म्हटलं, एवढंच? ती म्हणाली, "तुले काय मालूम, हे केवढं हाये ते."

ठाण्यात पहिला प्रश्न, इतकी वर्षं काय केलं? हा प्रश्न पुढे आम्हाला सगळ्यांनी विचारला. हवालदारानं विचारला, साहेबांनी विचारला, पत्रकारांनी विचारला, माझ्या नवऱ्यानंही चहा पिता पिता विचारला. मी ठाण्यात सांगितलं, पहिले तर आम्ही मोठ्या झालो, त्यातच बराच वेळ गेला. साहेबांना ते उद्धट वाटलं. वाटू दे.

गुन्हा दाखल झाला, आणि सरकारी वकीलबाईंनी आम्हाला बसवून कायदा समजावला. तरुण होती पोरगी, प्रामाणिक होती, तिच्यावर माझा राग नाही. ती म्हणाली, कमी शिक्षेच्या गुन्ह्यांना मुदत असते, ती टळून गेली. म्हणजे छड्या गेल्या. कोठीघरात कोंडणं गेलं. उपाशी ठेवणं गेलं, बाबांच्या वावरात तण निंदायला नेणं गेलं. पोरींची अंगं काळीनिळी करणारी ती सगळी वर्षं एक्स्पायरी झालेल्या औषधासारखी कचऱ्यात. राहिलं काय? कान. कान कायमचा निकामी होणं ही कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापत, तिला मुदत नाही. थोडं ऐकू येत असतं तर तेही गेलं असतं. मैत्रिणीनं विचारलं, "म्हंजे माहा कान पुरा गेला हे चांगलंच झालं म्हना ना, मॅडम?" वकीलबाईंनी खाली बघून फाइल सारखी केली.

अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासून लिहून दिलं की डावा कान ठार गेलेला आहे. कशानं गेला हे इतक्या वर्षांनी सांगता येणार नाही, हेही लिहून दिलं. तिकडची बाजू तयारच होती, लहानपणी कान फुटत असेल, नळावर पडली असेल. वसतिगृहातल्या बाकीच्या पोरी फोनवर रडल्या आणि म्हणाल्या, आमचं नाव घेऊ नको व. कोणाचा जावई नवा होता, कोणाच्या पोराची नोकरी संस्थेत होती. शेवटी सगळं दोघींच्या शब्दावर आलं, तिच्या आणि माझ्या.

मग समिती मेडशीला आली. खतवाले, प्राचार्य आणि डॉक्टर, तिघं पांढऱ्या गाडीतून. मी मुद्दाम थांबले होते. त्यांनी तिच्या मायला शाल पांघरली, नारळ दिला. म्हातारी अशी हरखली की विचारू नका. प्राचार्यांनी 'क्षमा' या विषयावर भाषण दिलं. शाळेत कोणी ऐकलं नाही म्हणून बहुतेक निवृत्तीनंतर घरोघर देत असावेत. खतवाले म्हणाले, "जुनं उकरून कोनाले काय भेटते, बाई? मोठं मन करा." आणि मग डॉक्टरांनी खरा माल बाहेर काढला. समिती तिला कानाची मशीन घेऊन देणार होती. परदेशी, डिजिटल, कानात बसली की दिसतसुद्धा नाही.

मैत्रिणीनं विचार केला. विचारलं होतं ना, मग विचार करणारच. म्हणाली, "डॉक्टरसाहेब, मशीन लावून मले आयकू येईन तर मंग केसच खतम होते ना? अन् नाही आलं तर मशीन कायले?" डॉक्टर म्हणाले, "तसं नाही..." आणि गाडीची किल्ली चाचपायला लागले. तिघं चहा न घेता गेले. म्हातारी दिवसभर शाल अंगावर घेऊन बसली होती, भर उन्हाळ्यात.

खटला सुरू झाला तशी बाबांची तब्येत बिघडली. अमृतमहोत्सवात व्यासपीठावर ताठ उभं राहून तासभर बोललेला माणूस कोर्टात चाकाच्या खुर्चीतून यायला लागला. माझी साक्ष आधी झाली, कारण मैत्रिणीच्या तारखेला तिची माय तापानं फणफणली होती. बाबांच्या वकिलांनी मला विचारलं, तुमच्यावर प्रवाशांच्या तक्रारी आहेत, तुम्ही भांडखोर आहात, हे खरं का? मी म्हटलं, खरं, पण मी भांडते म्हणून तिचा कान बरा होईल काय? न्यायाधीशांनी मला समज दिली. असो.

मैत्रिणीच्या साक्षीच्या सकाळी मी तिला वाशीमला स्टँडवरून कोर्टात घेऊन आले. रस्ताभर ती चांगली होती, माझी साडी कितीची म्हणून चौकशी करत होती. आवारात कडुलिंबाखाली समितीचे लोक घोळक्यानं उभे. घोळका बाजूला झाला, चाकाची खुर्ची पुढे आली. आणि माझ्या डोळ्यादेखत मैत्रिणीनं पदर सावरला, खाली वाकली आणि त्या माणसाच्या पायावर डोकं टेकवलं.

मला वाटलं, जमिनीनं मला गिळावं, किंवा मी हिला गिळावं. घोळक्यात कोणीतरी म्हणालं, "पाहा, याले म्हनतात संस्कार." प्राचार्यांनी डोळे पुसले. बाबांनी हात वर केला, फ्लेक्सवर होता तसाच.

संस्कार कसले ते मी सांगते. वसतिगृहात रोज प्रार्थना झाली की बाबा पाटावर पाय ठेवून बसायचे आणि एकेकीनं येऊन डोकं टेकवायचं. त्या दिवशी मार खाल्लेलीनं सगळ्यांच्या आधी जायचं आणि 'चुकलं बाबा' म्हणायचं. आमच्या घरी जय भीम म्हणायची रीत, कोणाच्या पायावर डोकं ठेवायचं नाही हे बापानं शिकवलेलं. पहिल्या दिवशी मी नुसते हात जोडून उभी राहिले. छडी तुटली, दुसरी आणली. त्यानंतर दहावीपर्यंत मीही वाकत होते. कान फुटला त्या संध्याकाळी तीसुद्धा कानाला फडकं धरून सगळ्यांच्या आधी गेली होती.

साक्ष सुरू झाली. बाबांच्या वकिलांनी आधी हेच काढलं. चेहऱ्यावर एवढा आनंद की घरी पेढे सांगून आले असावेत.

"आज सकाळी आपण आरोपींच्या पाया पडलात, हे खरं आहे?"

"हो."

"कोणी बळजबरी केली?"

"नाही."

"म्हणजे आपल्या मनात त्यांच्याविषयी आदर आहे."

"आदर नाही."

"मग का पडलात?"

"तो समोर आला."

मागे हशा पिकला. न्यायाधीश म्हणाले, "नीट सांगा, बाई. घाबरू नका."

"साहेब, तिथं रोज पडा लागे. नाही पडलं तर मार. आज तो समोर आला अन् मी वाकली. वाकल्यावर मले समजलं का मी वाकून राह्यली."

"पण आज इथे तुम्हाला कोणी मारणार नव्हतं."

"मले माहीत होतं, साहेब. पाठीले माहीत नोतं."

न्यायाधीशांनी लेखनिकाकडे पाहून तिचं वाक्य जसंच्या तसं घ्यायला सांगितलं. पण वकील कसलेला होता, त्यानं दुसरीकडून घेतलं. त्या वेळी तुम्ही ही गोष्ट कोणाला सांगितली होती का? ती म्हणाली, सांगितली होती. कोणाला? ती गप्प. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला विचारलेल्याचं उत्तर न देताना पाहत होते. वकिलांनी दोन्ही हात पसरून न्यायाधीशांकडे बघितलं. न्यायाधीशांनी समजावलं की उत्तर दिलं नाही तर तुमचंच नुकसान होईल.

"होऊ द्या," ती म्हणाली. "ते मानूस म्हातारं झालं, साहेब. त्याले आता कायले आनता इथं?"

बाहेर आल्यावर मी तिला फाडून खाल्लं. वसतिगृहाची स्वयंपाकीण असेल असं मला वाटलं, किंवा आमच्या चित्रकलेच्या बाई. कोणाची लाज राखतेस, केस बुडवलीस, पाया काय पडलीस, नाव काय लपवलंस. ती माझा डबा उघडून शांतपणे जेवली. आमची बस मेडशीला पोचायच्या आधी फोननं बातमी पोचवली होती. म्हातारी ओट्यावरच वाट बघत होती. "पाया पडली ना? मंग? मारलं असतं तर पडली असती काय? म्या म्हनतच होती, नयावर पडली." जिंकल्यासारखी मान हलवून ती आत गेली. मैत्रीण त्या दिवशी पहिल्यांदा रडली. मला म्हातारीच्या अंगावरची ती शाल ओढून चुलीत घालावीशी वाटली. घातली नाही, पण वाटलं हे लिहायला मला लाज नाही.

निकालाच्या दिवशी समितीनं हार आणला होता, झेंडूचा, जाडजूड. न्यायाधीशांनी वाचलं ते मला सगळं समजलं नाही, पण एवढं समजलं की या बाईच्या शब्दावर अविश्वास दाखवावा असं काही नाही आणि आरोपी दोषी आहे. मैत्रीण मला कोपरानं ढोसत होती, काय म्हनला, काय म्हनला. मी तिच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. तिनं परत सांगायला लावलं. मग न्यायाधीशांनी आरोपीचं वय, आजारपण आणि समाजकार्य लक्षात घेतलं आणि शिक्षा इतकी हलकी केली की ऐकून समितीचे चेहरे पुन्हा टवटवीत झाले. ज्या कामाच्या आडोशानं मारलं, त्याच कामाची सूट. अपील करायला मुभा, तोपर्यंत जामीन. दुपारी बाबा बाहेर आले. हार घालावा की घालू नये यावर समितीत थोडी कुजबुज झाली, शेवटी फुलं सुकतील म्हणून घातलाच.

आम्ही दोघी मेडशीला पोचलो तेव्हा म्हातारी ओट्यावर तुरीतले खडे वेचत बसली होती. मैत्रीण तिच्यासमोर खाली बसली आणि म्हणाली, "माय, जज म्हनला का बाबानं मारलं."

"जज सोता म्हनला?"

"सोता. सगळ्याइसमोर."

म्हातारीचे हात थांबले. पोटच्या पोरीनं जन्मभर सांगितलेलं खोटं, पांढऱ्या कपड्यातल्या बाबानं सांगितलेलं खरं, आणि आता काळ्या कोटातल्या साहेबानं सांगितलं म्हणून तेही खरं. माझ्या तोंडावर आलं होतं की आजी, तुम्हाला माणूस मोठाच लागतो का? पण मैत्रिणीनं माझा हात दाबला.

"मंग नयावर नोती पडली तू?" म्हातारीनं विचारलं.

"नाही, माय."

"मंग तवाच काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं होतं," मैत्रीण म्हणाली. आवाजात राग नव्हता, तिला विचारलं होतं म्हणून ती सांगत होती. "तिथून पयून आली होती मी. तुलेच सांगतलं, माय. तू मले तवाच्या तवाच जीपीत बसवून वापस नेऊन घातलं."

म्हातारीनं ताटलीतली तूर इकडून तिकडे केली, पुन्हा तिकडून इकडे केली. रस्त्यावरून अकोल्याची गाडी गेली. मग तिनं मान वर केली आणि मुलीच्या तोंडाकडे एका बाजूनं पाहिलं, दुसऱ्या बाजूनं पाहिलं.

"कोनता कान?" तिनं विचारलं.

मैत्रिणीनं डोक्यावरचा पदर मागे घेतला आणि तिला दाखवला.